दुधाच्या आकड्याखालची खूण

माझं माहेर मध्य प्रदेशातल्या सौसरचं आणि सासर निपाणीचं. नागपूरला एम.ए. करताना ह्यांची ओळख झाली, लग्न झालं आणि इकडे आले. थोडक्यात काय, एका सीमेवरून उठून दुसऱ्या सीमेवर येऊन बसले. नवी होते तेव्हा गल्लीतल्या बायका विचारायच्या, "मध्य प्रदेशात मराठी कसं काय हो बोलतात?" मी म्हणायचे, "कर्नाटकात बोलतात तसंच." मग सगळ्याच हसायच्या.

सौसर आणि पांढुर्णा हे सातपुड्याच्या पायथ्याचे दोन तालुके. संत्र्याचे आणि कापसाचे. आधी दोन्ही छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आलं. नागपूर हेच आमचं शहर. दवाखाना नागपूरला, लग्नाचा बस्ता नागपूरला. आमच्या लहानपणी सौसरहून नागपूरला छोट्या लाईनच्या गाडीनं जायचो. रमतगमत जाणारी ती गाडी २०१५ च्या अखेरीस रुंद रुळांसाठी बंद झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. त्याच दिवशी इकडे बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात आली. एकाच तारखेनं माझ्या माहेराला आणि सासराला सीमा दिली. त्या राजकारणात मला इथं शिरायचं नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे ते घरात बोलायची भाषा एक आणि ठाण्यात, कचेरीत लिहिली जाणारी भाषा दुसरी, अशा ठिकाणी बाईच्या तक्रारीचं काय होतं, याबद्दल.

सुरुवात पोळ्यापासून करते. आपल्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, कन्नड घरांतून कारहुणवी. तिकडे श्रावणी अमावास्येला पोळा. दुसऱ्या दिवशी नागपूरला तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. त्याच दिवशी तिथं मारबतींची मिरवणूकही निघते. मारबत म्हणजे बाईचाच पुतळा. गावाची सगळी इडापीडा तिच्या माथी मारून तिला गावाबाहेर नेऊन जाळायचं. (पीडा वाहून न्यायला बाईच का लागते, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.) आणि त्याच दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते.

जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. पांढुर्णेवाल्यांनी तो काढायचा, सावरगाववाल्यांनी राखायचा आणि दोन्हीकडून दिवसभर दगड. शेकड्यांनी माणसं जखमी होतात, काही वर्षी माणसं मेलीही आहेत. प्रशासनानं जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. दगड काही थांबले नाहीत. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. पांढुर्ण्याची माझी मावशी त्या दिवशी सकाळीच जुनी सुती लुगडी फाडून पट्ट्या करून ठेवायची. कुणाला लागेल माहीत नाही, पण घरातल्या एकाला तरी लागणार हे तिला ठाऊक असायचं.

या गोटमारीमागची गोष्ट तिकडच्या पोराठोरांना पाठ असते. पांढुर्ण्याचा एक मुलगा आणि सावरगावची एक मुलगी. त्यांचं एकमेकांवर मन बसलं, तो तिला घेऊन निघाला. नदीच्या मध्यावर पोचले तेव्हा दोन्ही काठांना कळलं आणि दोन्ही काठांवरून दगड आले. दोघंही पाण्यातच गेली. मी सहावी-सातवीत असताना आईला विचारलं होतं, "त्या पोरीचं नाव काय होतं?" आई भाकरी थापत होती. म्हणाली, "पोरीचं नाव कोन लक्षात ठेवते वं." मुलाचं नावही कुणी सांगत नाही, हे खरं आहे. पण मुलगा निदान काहीतरी करतो, तिला घेऊन जातो. मुलगी नुसती नेली जाते. ती स्वतः निघाली असेल, पाण्यात पहिलं पाऊल तिनंच टाकलं असेल, असं आजवर कुणी मला सांगितलेलं नाही.

आता माझ्या एका वर्गमैत्रिणीबद्दल. तिला विचारून लिहिते आहे, आणि ती ओळखू येणार नाही इतके तपशील बदलले आहेत. लग्न होऊन ती पांढुर्ण्याच्या बाजूला एका संत्र्याच्या बगिचेवाल्यांच्या घरी गेली. नवरा दारू पीत नव्हता. त्याच्या बाजूनं बोलणारे प्रत्येक जण हेच आधी सांगत. मारायचा मात्र. भाजीत मीठ जास्त झालं, माहेरचा फोन लांबला, दुसरीही मुलगीच झाली, असं काहीही कारण पुरायचं. कधी कारण नसायचंही. मार रोज नसे. रोज असायचे ते टोमणे, पैशांचा हिशेब, शेजारी उभं राहिलं की "कोनाशी बोलून राहिली होती?" ही विचारणा. मार त्यातूनच मधूनमधून वर यायचा.

२०११ साली एकदा मनगट सुजलं तेव्हा ती पहिल्यांदा पोलीस ठाण्यात गेली. कुठल्या, ते सोडून देऊ. एकटी कशी जाणार, म्हणून सोबत भासरे होते. (इकडे आपण थोरले दीर म्हणतो ते.) ती म्हणाली, "त्यानं मले लाकडानं मारलं. कालबी मारलं. पोरीच्या समोर मारलं." समोरच्या माणसानं भासऱ्यांकडे पाहिलं. भासऱ्यांनी हिंदीत सगळं नीट समजावून सांगितलं आणि कागदावर एक ओळ उमटली. त्या ओळीत शब्द होता ‘कहासुनी’. पती-पत्नींमध्ये कहासुनी झाली. म्हणजे बोलाचाली. लाकूड गेलं, काल गेला, पोरगी गेली. दोघांना समज देऊन घरी पाठवलं. त्या रात्री काय झालं ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

मी तिला पुढं एकदा विचारलं, "अगं, तुला हिंदी काय माझ्यापेक्षा कमी येते? शाळा आपण दोघी हिंदीतूनच शिकलो. तू का नाही बोललीस?" ती म्हणाली, "मार खाऊन आलेल्या बाईले शाळेतली भाषा आठवते का वं?" मी भाषेची प्राध्यापक. बावीस वर्षं शिकवते. भाषेबद्दल इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

निपाणीला आल्यावर मला वाटलं होतं की हे तिकडचंच. मग कॉलेजातल्या एका मुलीच्या आईबरोबर मी इकडच्या एका कचेरीत गेले. बाई खानापूरकडची, घरात मराठी. लिहिणारा माणूस कन्नड आणि चांगला मनमिळाऊ. बाईच्या दिराला त्यानं विचारलं, "जगळा?" दीर म्हणाला, "हौदु, जगळ." झालं. तिकडे कहासुनी, इकडे जगळ. दोन्ही शब्द भांडणाचे. भांडणाला दोन माणसं लागतात, माराला एकच पुरतो, पण कागदावर मार भांडण होऊनच उतरतो. आपल्या बहुतेकांच्या घरी ती कन्नड म्हण येताजाता ऐकू येते, ‘गंड हेंडिर जगळ उंडु मलगो तनक’. नवरा-बायकोचं भांडण जेवून झोपेपर्यंतच. माझ्या सासूबाईही म्हणायच्या आणि प्रेमानं म्हणायच्या. त्यांच्या घरात ती खरीही होती. पण हीच म्हण मनगट सुजलेल्या बाईला ऐकवली की तिचा अर्थ बदलतो. ‘जेवू घाल, झोप, उद्या विसर’ एवढाच उरतो.

एखादा शब्द बदलल्यानं, किंवा बाई गप्प राहिली याचा भलता अर्थ लावल्यानं काय होतं, याचं उदाहरण आमच्या विदर्भातच घडलं आहे. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘मथुरा खटला’ म्हणून ओळखला जातो. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, तेव्हा संमती होती, असं म्हटलं गेलं. ठाण्याच्या आत, रात्री, वर्दीसमोर ती ओरडली नाही म्हणजे तिची ना नव्हती! पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. घरातल्या छळासाठीचं ४९८-अ हे कलम त्याच वर्षीचं.

पण कायदा दिल्लीत बदलतो आणि बाई राहते संत्र्याच्या बगिच्यात. मधल्या काळात ती काय करते?

माझी मैत्रीण घरी परतली आणि तिनं एक गोष्ट केली. सगळ्या मराठी घरांत असतं तसं तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर ‘कालनिर्णय’ होतं. दूध किती घेतलं ते त्यावर लिहायचं काम तिचंच. दीड लिटर, दोन लिटर, पाहुणे आले तर अडीच. ज्या दिवशी मार बसला त्या दिवशी दुधाच्या आकड्याखाली ती पेन्सिलीनं एक बारीक टिंब द्यायला लागली. लाकडानं मारलं तर टिंबाला शेपटी. पोरींच्या देखत मारलं तर टिंबाशेजारी दोन रेघा. शिव्यांना खूण ठेवली नाही. म्हणाली, "त्याले खून ठेवली असती तं कॅलेंडर काळं झालं असतं." वर्ष संपलं की आपल्याकडे कॅलेंडरचा कागद पुस्तकांना कव्हर घालायला जातो, नाहीतर डब्यांखाली. तिचं कॅलेंडर पेटीत जायचं. एकदा सासूनं विचारलं, "एवढी रद्दी कायले ठेवते?" तर हिचं उत्तर, "दूधवाल्याचा हिशेब बाकी हाय जी अजून."

सात वर्षांची सात कॅलेंडरं.

हे ऐकताना मला आधी तिचा राग आला, खरं सांगते. सात वर्षं? निघून का नाही आलीस? असं विचारणं सोपं असतं, विशेषतः ज्यांच्या हातात महिन्याचा पगार पडतो त्यांना. तिला कुठं जायचं होतं? माहेरी भाऊ-वहिनी, दोन खोल्या. पोरींची शाळा. बगिच्यात आंबिया बहाराची तोडणी लागली की घरात वीस मजुरांचा चहा तिच्याशिवाय कोण करणार, असं तिचं तिलाच वाटायचं. या गोष्टी बाहेरून क्षुल्लक दिसतात. आतून त्याच दाराची कडी असतात. आणि घर न सोडता तिनं जे केलं ते मला करता आलं असतं का, याची मला खात्री नाही.

असं गुपचूप धैर्य तिकडे पुष्कळ पाहिलं आहे, फक्त त्याला आम्ही धैर्य म्हणत नव्हतो. संत्र्याच्या हंगामात तोडणीला, छाटणीला, पेट्या भरायला बायका टेम्पोनं जातात. परतताना अंधार पडतो. टेम्पोत हमाल, ड्रायव्हरचे मित्र, मुकादमाचा पुतण्या. आमच्या गल्लीतली एक म्हातारी मजूर टेम्पोत चढताना नेहमी सगळ्यांत शेवटी चढायची आणि बसायची मात्र कडेला. नव्या पोरींना ती डब्यांसारखी एकात एक मधे बसवून घ्यायची. कुणाचा हात वाट चुकला की ती मोठ्यानं विचारायची, "कोनाचा हात हाय हा? कापून देऊ का घरी न्यायले?" टेम्पोभर हशा पिकायचा आणि हात मागं जायचा. एका मुकादमानं तिला दोन दिवस कामावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी बाकीच्या बायका टेम्पोपाशी आल्या आणि चढल्याच नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. संत्री थांबत नाहीत, मऊ पडतात. मुकादमानं माणूस पाठवून म्हातारीला बोलावून आणलं. याला कुणी संप म्हटलं नाही. तिकडच्या कुठल्या वर्तमानपत्रात एक ओळ आली नाही.

निपाणीकरांना हे वाचताना आपली गोष्ट आठवली असेल. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या इथल्या बायकांनी १९८० च्या सुमारास संघटना बांधली, मजुरी आणि कामाचे तास यांबरोबरच मालक-मुकादमांच्या वागणुकीविरुद्ध उभ्या राहिल्या. प्रा. सुभाष जोशींसारखी माणसं त्यांच्या सोबत होती. दीपा धनराज आणि ‘युगांतर’च्या मैत्रिणींनी १९८२ मध्ये त्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा लघुपट केला. त्यात या बायका स्वतः आहेत. वखारीत काय व्हायचं ते त्या स्वतःच्या तोंडानं, आपल्या मराठीत सांगतात आणि काही प्रसंग स्वतःच करून दाखवतात. मी तो लघुपट फार उशिरा पाहिला. त्यांच्यासाठी कुणी भासरा बोलत नव्हता, हे मला सर्वांत आधी जाणवलं. आमच्या वर्गात तो दाखवला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ती तिसरी बाई माझ्या आज्जीसारखी बोलते." मी विचारलं, आजी वखारीत होत्या का? तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारून आली. होत्या.

आता थोडं माझ्यातल्या मास्तरणीला बोलू द्या, कारण या गोष्टी आपल्या घरांत माहीत नसतात.

राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाणं दूर व्हावं म्हणून करायचा अर्ज कोणत्याही अधिकाऱ्याला त्या राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. म्हणजे पांढुर्ण्याच्या बाईला मराठीत, निपाणीच्या बाईला मराठीत आणि कोल्हापुरात सून होऊन गेलेल्या चिकोडीच्या कन्नड मुलीला कन्नडमध्ये. समोरचा कपाळाला आठ्या घालील, पण अर्ज घेणार नाही असं त्याला म्हणता येत नाही. दुसरं, पोलिसांनी लिहून घेतलेली फिर्याद सांगणाऱ्याला वाचून दाखवायची असते आणि तिची प्रत फुकट द्यायची असते. हा नियम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. नव्या संहितेनं आणखी एक केलं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात फिर्याद नोंदवावी लागते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे सीमाभागातल्या बाईनं सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य आहे. छेडछाड, पाठलाग, विनयभंग यांसारखी फिर्याद बाईनं दिली तर ती महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते.

सीमेवरच्या मुली सीमा ओलांडूनच नांदायला जातात. नरखेड, वरुड, काटोलच्या मुली पांढुर्ण्यात आणि पांढुर्ण्याच्या तिकडे. कागल, गडहिंग्लज, चंदगडच्या मुली निपाणी-बेळगावात आणि इकडच्या तिकडे. छळ एका राज्यात, माहेर दुसऱ्या राज्यात. पूर्वी म्हणायचे, जिथं छळ झाला तिथंच जा. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सासरच्या छळामुळं बाहेर पडलेली बाई जिथं आसरा घेते तिथल्या न्यायालयातही ४९८-अ ची केस चालू शकते. (हे कलम आता नव्या न्याय संहितेत ८५ व्या क्रमांकाला गेलं आहे.) कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, तो तर पहिल्यापासून ती तात्पुरती जिथं राहते तिथंही अर्ज करू देतो. या कायद्याचं मला विशेष वाटतं ते असं की त्यात नुसता मार नाही. अपमान आहे, पैसे अडवणं आहे, मूल झालं नाही किंवा मुलगा झाला नाही म्हणून टोचून बोलणंही आहे. ज्या शिव्यांना माझ्या मैत्रिणीनं कॅलेंडरवर खूण ठेवली नाही, त्यांनाही या कायद्यात जागा आहे. आणि घर कुणाच्याही नावावर असो, एकत्र राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क आहे. रडत निघून जाणं हा एकच मार्ग उरत नाही. संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांनी तिचा अर्ज भरून द्यायचा असतो. १८१ हा महिलांसाठीचा फोन क्रमांक आहे, ११२ तातडीचा. कागदावरचं सगळं प्रत्यक्षात होतं असं मी म्हणत नाही. साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो आणि तारखा वर्षानुवर्षं पडत राहतात. पण काय मागायचं ते माहीत असलं तर मागता तरी येतं.

मैत्रिणीला हे सगळं मी सांगितलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तिला ते तिच्या थोरल्या मुलीनं सांगितलं. शाळेत कुणीतरी बाई येऊन बोलून गेल्या होत्या, पोरीनं वहीत उतरवून आणलं होतं. २०१८ च्या पावसाळ्यात पुन्हा एकदा मार बसला, या वेळी कानशिलावर. या खेपेला तिनं भासऱ्यांना सांगितलं नाही. पंधरा वर्षांच्या पोरीला घेऊन ती ठाण्यात गेली. पिशवीत सात कॅलेंडरं, गुंडाळी करून रबर लावलेली.

ती मराठीत बोलली. पोरगी वाक्यावाक्याला थांबून हिंदीत सांगत होती आणि मधेच आईकडं वळून विचारत होती, "आई, असंच ना?" लिहिणाऱ्यानं लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढं सरकवला. हिनं पेन हातात घेतलं नाही. म्हणाली, "वाचून दाखवा."

त्यानं पाहिलं. मग वाचायला लागला. तिसऱ्या ओळीत तो शब्द आला. तोच.

"कहासुनी नाई," ती म्हणाली. "मारलं. मारलं असं लिवा."

थोडा वेळ गेला. शेजारच्या टेबलावरची महिला शिपाई उठून जवळ आली, तिनं कॅलेंडरांची गुंडाळी सोडून एक महिना पाहिला, मग दुसरा. "ये क्या निशान है?" पोरीनं सांगितलं. ती बाई काही बोलली नाही. लिहिणाऱ्यानं ‘कहासुनी’वर आडवी रेघ ओढली, वर ‘मारपीट’ लिहिलं, शेजारी आपली छोटी सही केली. मग हिनं सही केली. मराठीत, पूर्ण नाव, आधी स्वतःचं, मग वडिलांचं. नवऱ्याचं लिहायचं असतं असं तो म्हणाला, तर म्हणे, "ते वरती लिवलंच हाय न तुमी." प्रत मागून घेतली आणि बाहेर येऊन दोन झेरॉक्स काढल्या.

पुढचं सरळ नव्हतं. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल, तारखा, मधे एकदा तडजोडीची बैठक, ज्यात नात्यातल्या सगळ्यांनी तिलाच समजावलं. शेवटी आदेश मिळाला. ती त्याच घरात राहते, मागच्या दोन खोल्या आणि वेगळी चूल. नवरा पुढच्या बाजूला. बोलणं कामापुरतं. लोक याला संसार म्हणत नाहीत. ती म्हणते, पोरी शिकून राहिल्या, झोप लागते. थोरली आता नागपूरला आहे.

गेल्या पोळ्याला माहेरी गेले तेव्हा एक दिवस तिच्याकडे राहिले. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याकडे गोटमार होती. सकाळपासून रस्त्यानं मोटारसायकली जात होत्या. ती चुलीपाशी, मी पाटावर. तिच्या खोलीतही भिंतीवर कालनिर्णय आहे आणि दुधाचे आकडे आहेत. माझी नजर आपसूक आकड्यांच्या खाली गेली. एक महिना, मग पान उलटून मागचा.

तिनं कढईतून मान वर केली.

"काय पाहून राहिली वं?" म्हणाली. "दूधच हाय नुस्तं."